थकलेल्या हातांसाठी विहारात जागा



मुलांच्या शिक्षणावर आपण बोलतो, लग्नातल्या खर्चावर बोलतो, दारूबंदीवर बोलतो. घरातल्या म्हाताऱ्या पुरुषाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. आजीबाई नातवंडे सांभाळते, भाजी निवडते, बचत गटाच्या बैठकीला जाते, वर्षावासात विहारात ग्रंथवाचन ऐकायला बसते. आजोबांचे काय? मजुरी थांबली की त्यांचे सगळेच थांबते. सकाळचा चहा झाला की शहागडच्या फाट्यावर जाऊन बसायचे, सोलापूर-धुळे रस्त्यावरच्या गाड्या पाहायच्या आणि दुपारी घरी येऊन मुकाट्याने जेवायचे. काहीजण संध्याकाळी दुसरीच वाट धरतात. ती वाट कुठे जाते हे आपल्या वस्तीला सांगायला नको.

ही माणसे आहेत तरी कोण? आज सत्तरी ओलांडलेला माणूस १९७२ च्या दुष्काळात ऐन उमेदीत होता. या पिढीने दुष्काळी कामावर खडी फोडली, जायकवाडीच्या कालव्याची माती वाहिली, ऊस तोडला, बिगारी म्हणून सुरुवात करून गवंडी झाली. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधली सोळा वर्षे मोर्चे काढणारे, लाठ्या खाणारे हेच लोक. आज आपली लेकरे बाबासाहेबांचे नाव असलेल्या विद्यापीठाची पदवी घेतात, ती यांच्या जिवावर.

श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरून देताना एका काकांना मी विचारले, "काका, काम काय करता?" ते म्हणाले, "काही नाही भाऊ, बसून खातो." ज्या माणसाने वस्तीतल्या कितीतरी भिंती ओळंब्यात उभ्या केल्या, त्याने स्वतःची ओळख 'बसून खातो' अशी सांगावी! या योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात, ते मिळालेच पाहिजेत. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२२ पासून एस.टी. मोफत आहे, तीही चांगली गोष्ट. पण जायचे कुठे? कोणाला आपली गरज आहे? या प्रश्नाला कुठल्याच अर्जात रकाना नाही.

पुरुष दुःख बोलत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत दर दहांमागे सात पुरुष होते. म्हाताऱ्याला समोर बसवून "तुम्हाला काय होतंय?" असे विचारले तर तो "काही नाही" म्हणतो. तोच माणूस शेजाऱ्याबरोबर फळी धरून खिळा ठोकत असला तर हळूहळू सगळे सांगतो. ऑस्ट्रेलियात हे ओळखून १९९० च्या दशकात 'मेन्स शेड' सुरू झाल्या. शेडमध्ये हत्यारे असतात, चहा असतो, वयस्क पुरुष एकत्र येऊन दुरुस्तीची कामे करतात. पुढे ही कल्पना आयर्लंड, इंग्लंडमध्येही पसरली.

आपल्याला शेड बांधायची गरज नाही. विहाराची ओसरी आहे. पाच-सात जण पुरेत. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी दहा ते बारा. ज्याच्या घरी करवत, रंधा, थापी, पान्हा गंजत पडला असेल त्याने तो आणावा. पहिले काम विहाराच्या दाराचे. मग अंगणवाडीचे मोडके बाक, घराघरातल्या सैल झालेल्या बाजा, ज्यांना उकिडवे बसता येत नाही त्यांच्यासाठी जुन्या खुर्चीचे बूड कापून केलेली संडासाची खुर्ची, पायरीला धरायला पाइप. महिन्यातून एकदा आशाताईंना बोलवावे, त्या रक्तदाब-साखर तपासायला कुठे व कधी जायचे ते सांगतील. सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत. भिंतीवर दोन नंबर लिहावेत: ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मन फार खचले तर १४४१६.

काही तरुण विचारतील, "बाबासाहेबांनी गावकीची कामे सोडायला लावली आणि तुम्ही म्हाताऱ्यांच्या हातात पुन्हा हत्यार देता?" प्रश्न रास्त आहे. १९२८ साली बाबासाहेबांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, कारण ती राबणूक जन्माने लादलेली होती, तिला ना मान होता ना पुरता मोबदला. कष्टाला त्यांचा विरोध नव्हता, गुलामीला होता. म्हणून गटाची पहिली अट ही की गावातल्या कोणाकडेही फुकट राबायला जायचे नाही. बाहेरचे काम घेतले तर मजुरी आधी ठरवायची. दुसरी अट, ज्याला जे शिकावेसे वाटेल ते त्याने शिकावे. गवंड्याने रंधा धरावा, हमालाने शिलाई मशीन चालवावे. बाबासाहेबांनीही उतारवयात व्हायोलिन हाती घेतले होते. तिसरी अट, दारू पिऊन यायचे नाही. पण काल प्यायला म्हणून आज कोणाला हाकलायचेही नाही. आणि मुला-सुनांना विनंती, "बाबा आता किती कमावतात?" असा हिशेब मागू नका.

वयाच्या ऐंशीव्या वर्षी भगवान बुद्धांनी आनंदाला आपल्या देहाची उपमा जुन्या गाडीची दिली होती. ठिकठिकाणी पट्ट्या बांधून चालवावी लागते अशी गाडी. तरीही ते गावोगाव चालत राहिले, शेवटपर्यंत उपदेश करीत राहिले. आपल्या वस्तीतही अशा जुन्या गाड्या आहेत. त्यांना अडगळीत लावू नका, पट्टी बांधायला हात लावा.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहार कमिटीपुढे हा विषय मांडा. एक हजेरीची वही घाला, एक जमाखर्चाची. आणि घरी गेल्यावर आपल्या वडिलांना विचारा, "बाबा, तुमची थापी कुठं ठेवलीय?" पुढचे ते स्वतःच सांगतील.

जयभीम! नमो बुद्धाय!