‘सीएनसीवर आहे’ म्हणजे काय?

भोसरी, वाळूज, शिरोली, सातपूर... यांपैकी एखाद्या औद्योगिक वसाहतीत आपल्या घरातले किंवा मोहल्ल्यातले कोणी तरी कामाला असतेच. ‘मुलगा सीएनसीवर आहे’ असे आपण समाधानाने सांगतो. पण तो तिथे नेमके काय करतो, हे आपण क्वचितच विचारतो.

या कामाची रीत आधी समजून घेऊ. जो भाग बनवायचा त्याचे डिझाइन संगणकावर तयार होते. मग ‘कॅम’ सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रामर हत्यार, वेग आणि कापाची खोली ठरवतो. हत्याराने कोणत्या वाटेने जायचे याचे गणित संगणक करतो आणि ते जी-कोडमध्ये उतरवतो. जी०० म्हणजे हत्यार झपाट्याने जागेवर न्या, जी०१ म्हणजे सरळ रेषेत कापा, एम०३ म्हणजे स्पिंडल फिरवा. मशीन हे हुकूम ओळीने पाळते.

याचा पाया अमेरिकेत घातला गेला. हेलिकॉप्टरची पाती बनवणाऱ्या जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेवर एमआयटी संस्थेत काम झाले आणि १९५२ मध्ये छिद्रे पाडलेल्या फितीवर चालणारे मिलिंग मशीन जगापुढे आले. आज इंजिनाचे भाग, प्लॅस्टिकचे साचे, दातांच्या कॅप, कृत्रिम गुडघे, इतकेच काय तयार कपड्यांची कापणीसुद्धा याच पद्धतीने होते.

मात्र मशीन सांगितले तेवढेच करते. जॉबचा ‘शून्य’ चुकीचा धरला, तर हत्यार थेट शिकंजावर आदळू शकते. झिजलेली टिप वेळेवर बदलणे, जॉब पक्का बांधणे, मायक्रोमीटरने माप तपासून ऑफसेट दुरुस्त करणे, यासाठी जाणकार माणूस लागतो. नुसता जॉब लावणे, बटण दाबणे आणि जॉब काढणे एवढेच काम असेल, तर ते आता यांत्रिक हातही करू लागला आहे. आपल्या मुलांसाठी खरा धोका इथे आहे.

म्हणून पहिल्या पगारावर थांबू नये. ऑपरेटर, मग सेटर, मग प्रोग्रामर अशी ही शिडी आहे. ती चढायला ड्रॉइंग वाचता यावे लागते आणि दहावीची त्रिकोणमिती पक्की लागते. काही कॅम सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना मोफत वापरता येतात. खासगी क्लासची फी भरण्यापूर्वी तिथे चालू मशीन आहे का आणि मुलाला स्वतः सेटिंग करू देतात का, हे जाऊन पाहावे. प्रोग्रामिंग टेबलावर बसून करायचे काम आहे. गणितात हुशार असलेल्या मुलीलाही हा रस्ता दाखवावा.

आणि पाळी संपवून मुलगा घरी आला की ‘पगार झाला का?’ याच्या आधी ‘आज सेटिंग शिकलास का?’ असे विचारू या.