‘ॲट लॉगरहेड्स’ लिहिताय? आधी बघा, खरंच भांडण आहे का!



कोपरगावच्या बॅचमध्ये मसाले बनवणाऱ्या एका ताईंनी मला त्यांचा ईमेल दाखवला. पुण्याच्या ग्राहकाला लिहिलं होतं, ‘वुई आर इन लॉगरहेड विथ अवर पॅकिंग सप्लायर.’ खरी गोष्ट एवढीच, की पाऊच चार दिवस उशिरा येणार होते.

यात पहिली चूक भाषेची. ‘इन’ नाही, ‘ॲट’. आणि एकवचन नाही, ‘लॉगरहेड्स’. लॉगरहेड म्हणजे मुळात ठोंब्या, ठोकळ्यासारख्या डोक्याचा माणूस. भांडायला डोकी दोन लागतात, म्हणून अनेकवचन, असं लक्षात ठेवा. कोणाशी भांडण, तिथे ‘विथ’. कशावरून, तिथे ‘ओव्हर’.

दुसरी चूक जास्त महागात पडते, ती अर्थाची. हा शब्दप्रयोग चालू असलेल्या आणि कोणीच मागे हटत नाही अशा वादासाठी आहे. आपल्या दारातलंच उदाहरण घ्या, गोदावरीचं पाणी. वरची धरणं नाशिक-नगरमध्ये, खाली पैठणला जायकवाडी. २००५ च्या कायद्यात समान वाटपाची तरतूद आली. तरी पाऊस कमी झाला की वरचे म्हणतात सोडू नका, खालचे म्हणतात सोडा. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. इथे बिनधास्त लिहा, ‘नाशिक अँड नगर आर ॲट लॉगरहेड्स विथ मराठवाडा ओव्हर वॉटर.’

पण पाऊच उशिरा येणं म्हणजे जायकवाडी नाही हो! ग्राहक तो ईमेल वाचून एकच अर्थ काढणार, यांचा माल काही वेळेवर येत नाही. त्यापेक्षा साधं लिहा, ‘युवर ऑर्डर विल रीच यू ऑन मंडे.’ तारीख दिली की ग्राहक निवांत.

उधारी अडकली तरी हेच. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर व्याजही लागतं. म्हणून पत्रात बिल नंबर, तारीख, रक्कम लिहा. तुम्हीच ‘आमचा वाद चालू आहे’ असं लिहून दिलंत, तर समोरचा म्हणणार, ‘वाद मिटू दे, मग देतो.’

माझं मत स्पष्ट आहे. भारी इंग्रजीने धंदा वाढत नाही, नेमक्या इंग्रजीने वाढतो. आज पाठवायचा ईमेल पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. त्यात नसलेलं भांडण दिसतंय का? दिसलं, तर काढून टाका.