धरणातील गाळ कुणाच्या मालकीचा?

पावसाळ्यात मुठेला पूर आला की पुण्यात खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे मोजले जातात. त्या गढूळ पाण्यातून किती माती गेली, याचा हिशेब मात्र कुणी मागत नाही. वास्तविक पाहता माती जाते म्हणजे कष्टकऱ्याचे भांडवल जाते आणि ते धरणाच्या तळाशी जाऊन बसते. म्हणून गाळाचा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही, तो हक्काचा प्रश्न आहे, असे आम्ही मानतो.

हे घडते कसे? शेताला दिलेल्या खतातील नत्र बराचसा पाण्यात विरघळून जातो. स्फुरद मात्र मातीच्या बारीक कणांना चिकटतो. जोराच्या पावसात हेच बारीक कण सर्वांत आधी वाहून जातात आणि धरणाच्या संथ पाण्यात तळाला बसतात. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २३ किलो स्फुरद असतो. त्यावर सरकार अनुदान देते, म्हणजे जनतेचा पैसा खर्च होतो. तोच पैसा ओघळीवाटे धरणात जातो. तळाच्या पाण्यातील प्राणवायू संपला की गाळातील स्फुरद पुन्हा पाण्यात सुटतो आणि शेवाळ, जलपर्णी माजते.

१९८० साली पूर्ण झालेले उजनी धरण याचे ढळढळीत उदाहरण आहे. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते. पुणे-पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी आणि दौंड-इंदापूरच्या उसाचे खत, दोन्ही तिथेच जमा होते. धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातील सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. घाण करणारे वरच्या अंगाला आणि ते पाणी पिणारे सोलापूरकर खालच्या अंगाला, अशी ही रचना आहे. १९७४ चा जलप्रदूषण कायदा संमतीची अट घालतो ती कारखान्याच्या आणि सांडपाण्याच्या नळाला. हजारो बांधांवरून येणाऱ्या स्फुरदाला एक नळ नसतो, म्हणून तो या यंत्रणेतून निसटतो.

आता गाळ परत कुणाला मिळतो ते पाहू. २०१७ साली राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. कल्पना चांगली होती, पण गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्यावर टाकला. ज्याच्या दारात ट्रॅक्टर, त्याच्या शेतात गाळ! २०२३ मध्ये अल्पभूधारक, अत्यल्पभूधारक, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांना एकरी १५ हजार, जास्तीत जास्त ३७,५०० रुपये अनुदान ठरले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण त्यासाठीही सातबारा लागतो. ज्यांचे सातबाऱ्यावर नावच नाही त्यांचे काय?

उताराची, मुरमाड जमीन आणि गायरान कसणारे कोण आहेत, हे चळवळीच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले ते याच जमिनीसाठी. १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीयांची गायरानावरील शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला, तरी आजही अनेकांचे उंबरठे झिजवणे संपलेले नाही. उतारावरच्या मातीचे सत्त्व आधी वाहून जाते आणि गाळवाटपाच्या यादीत त्याच मातीचा कसणारा नसतो. हा न्याय कोणता?

आमच्या मागण्या साध्या आहेत. गाळ ही सार्वजनिक मालमत्ता आहे, म्हणून वाटपाची यादी ग्रामसभेत जाहीर वाचली जावी. गायरान कसणाऱ्यांना, नाव लागेपर्यंत थांबवून न ठेवता, यादीत घ्यावे आणि वाहतूक खर्च शासनाने उचलावा. पुण्याच्या खालच्या अंगाचा गाळ शेतात टाकण्यापूर्वी त्यातील जड धातूंची तपासणी करून अहवाल मराठीत गावात लावावा. आणि माती परीक्षणाशिवाय खत ओतण्याची सवय मोडून उतारावर बांधबंदिस्ती रोजगार हमीतून व्हावी. गाळ काढणे हा उपचार आहे, माती अडवणे हाच खरा उपाय आहे.

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील गाळवाटपाच्या याद्या माहितीच्या अधिकारात मागवाव्यात. त्या हाती आल्या की कुणाचे सत्त्व कुणाच्या शेतात गेले, हे आपोआप कळेल. मग ग्रामसभेत पुराव्यानिशी बोलता येईल.