टॉवरच्या पलीकडे पाहू या

मैत्रिणींनो, वस्तीत एखाद्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला, की आपल्या बैठकीला गर्दी होते. कोणाचे डोके दुखते, कोणाची पाळी लांबते, कोणाचा गर्भ पडलेला असतो. साऱ्याचा ठपका टॉवरवर येतो. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. बायांना न विचारता त्यांच्या डोक्यावर काहीही आणून ठेवायची रीत जुनीच आहे, आणि तिच्याविरुद्ध बोलायलाच हवे. पण वस्त्यांमधून काम करताना माझे मत असे झाले आहे, की रेडिओलहरींचा खरा भार ज्या बायांच्या अंगावर पडतो, त्यांच्याबद्दल आपण चकार शब्द काढत नाही.

आधी शास्त्र काय म्हणते ते पाहू. क्ष-किरणांसारखी पेशींतले रासायनिक बंध तोडण्याची ताकद या लहरींत नसते. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच : ऊतकांत उष्णता निर्माण होणे. डोळ्याचे भिंग आणि पुरुषाचे अंडकोष या उष्णतेला विशेष नाजूक. कर्करोगाचे काय? २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात टाकले. पुढे २०२४ मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. टॉवरच्या लहरी अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतात. शिवाय आपल्या देशाने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ही मर्यादा पाळली जाते की नाही, हे विचारण्याचा आपला हक्क आहेच. सरकारचे ‘तरंग संचार’ पोर्टल २०१७ मध्ये सुरू झाले, तेव्हा मोजणी मागणाऱ्या नागरिकाला ४,००० रुपये शुल्क ठेवले होते. घरकाम करणाऱ्या बाईने ते कुठून आणायचे, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

आता दुसरीकडे वळू. रेनकोट, फायलींची कव्हरे, प्लास्टिकच्या पिशव्या जिथे तयार होतात, तिथे प्लास्टिक जोडायला हाय फ्रिक्वेन्सी मशीन असते. पेडल दाबले की साचा खाली येतो आणि सेकंदाला सुमारे २ कोटी ७१ लाख वेळा दिशा बदलणारे विद्युतक्षेत्र प्लास्टिकला आतून तापवते. त्या साच्यापासून वीतभर अंतरावर बाईचे हात असतात आणि हातभर अंतरावर पोट. दिवसाचे आठ-दहा तास, नगावर मजुरी. यंत्राला पत्र्याचे आवरण असले, तरी काम भराभर व्हावे म्हणून ते काढून ठेवलेले मी पाहिले आहे. एक मावशी मला म्हणाली, “ताई, हाताला मुंग्या येतात. वय झालं, दुसरं काय!”

वयच असेल, कोणी सांगावे? पण १९८८ मध्ये स्वीडनमधल्या अशाच कामगारांची पाहणी प्रसिद्ध झाली. तपासलेल्या यंत्रांपैकी निम्म्याहून अधिक यंत्रे तिथल्या मर्यादेबाहेर होती, आणि हात बधिर होण्याची तक्रार जास्त भार असलेल्यांत विशेष होती. अमेरिकेतल्या सरकारी संस्थांनी तर डिसेंबर १९७९ मध्येच या यंत्रांबद्दल धोक्याची सूचना काढली होती. म्हणजे ही माहिती चाळीस वर्षांहून जुनी आहे. ती आमच्या मावशीपर्यंत मात्र पोचलेली नाही.

गर्भाबद्दलही नीट बोलू या. त्याच स्वीडिश पाहणीत प्लास्टिक जोडणाऱ्या बायांच्या बाळंतपणांत सरासरीहून लक्षणीय वेगळे काही दिसले नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्ट स्त्रियांच्या अभ्यासात मायक्रोवेव्ह शेक देणाऱ्यांत गर्भपात थोडे अधिक आढळले, शॉर्टवेव्ह शेक देणाऱ्यांत आढळले नाहीत. या माहितीवरून कोणाला घाबरवता येत नाही, तसे “काही होत नाही” म्हणून कोणाला गप्पही बसवता येत नाही. यंत्र झाकायला मात्र ही माहिती पुरेशी आहे.

अर्धवट माहितीचा दुसरा उपयोगही आपण पाहतो. “मोबाइलने गर्भपिशवी खराब होते” असे सांगून सुनेचा, वयात आलेल्या मुलीचा फोन काढून घेतला जातो. मुलाच्या खिशातल्या फोनची कोणाला काळजी नसते. मारहाण झाली तर माहेरी किंवा आपल्या केंद्रावर फोन करायचे तेवढे एकच साधन तिच्याजवळ असते. शास्त्राच्या नावाखाली ही कोंडी चालू देता कामा नये.

कारखान्यातही हाच सापळा आहे. आपण बोललो की मालक म्हणेल, “मग बाया नकोतच!” बाईला कामावरून काढणे हा उपाय नव्हे. दोष यंत्रात आहे, तिच्या गर्भाशयात नाही. तिच्या जागी येणाऱ्या पुरुषाचेही शरीर त्याच उष्णतेला नाजूक आहे.

म्हणून माझे म्हणणे असे. दूरसंचार खात्याची मर्यादा टॉवर आणि हँडसेटसाठी आहे, या यंत्रांना ती लागू नाही. तेव्हा कारखान्यात मोजणी व्हावी, ही मागणी कामगार खात्याकडे आपण वेगळी लावून धरली पाहिजे. यंत्राला धातूचे आवरण, नीट अर्थिंग, आणि हात लांब राहील अशी माल सरकवायची सोय हवी. गरोदर बाईने मागितले तर मजुरी न कापता तिला दुसरे काम मिळाले पाहिजे. टॉवरच्या बैठकीला येणाऱ्या बायांना यापुढे आणखी एक प्रश्न विचारू या : “तू काम कुठे करतेस, आणि तुझ्या हाताशी कोणतं यंत्र आहे?”