भुसा कोणाचा, लगदा कोणाचा?

आरागिरणीत ओंडका चिरला की त्याचा साधारण निम्माच भाग फळी आणि चौकट होऊन बाहेर पडतो. बाकी उरते ती साल, ढलप्या आणि भुसा. या उरलेल्या लाकडापासून कागदाचा लगदा करावा म्हणजे त्यासाठी नवी झाडे पडणार नाहीत, असे पर्यावरणवादी सांगतात. विचार चांगला आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लगदा गिरण्या कित्येक दशके मोठ्या प्रमाणावर आरागिरण्यांच्या ढलप्यांवरच चालत आल्या आहेत. पण 'पर्यावरणपूरक' हा शब्द ऐकला की कार्यकर्त्याने आधी विचारले पाहिजे : कोणासाठी पूरक?

पहिला प्रश्न पाण्याचा. लाकडात 40 ते 50 टक्के सेल्युलोज आणि 20 ते 30 टक्के लिग्निन असते. लिग्निन काढून सेल्युलोजचे तंतू सुटे केले की रासायनिक लगदा होतो. प्रचलित क्राफ्ट पद्धतीत त्यासाठी लाकूड कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवतात व मागे काळे पाणी उरते. मोठी गिरणी ते आटवून जाळते आणि वाफ, वीज व रसायने परत मिळवते. छोट्या गिरणीला ही यंत्रणा परवडत नाही, आणि आपल्या देशात अशा अनेक गिरण्यांचे काळे पाणी वर्षानुवर्षे नाल्यात गेले. पुढे लगदा पांढरा करताना क्लोरीन वायू वापरला तर डायऑक्सिनसारखी विषारी संयुगे तयार होतात. ऑक्सिजन, ओझोन आणि पेरॉक्साइड वापरले तर ती टळतात. म्हणजे कच्चा माल टाकाऊ आहे एवढ्याने नदी वाचत नाही. नाल्याच्या खालच्या अंगाला कोणाची वस्ती असते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रश्न फुफ्फुसांचा. लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच जाहीर केले. भुशाला भाव आला की तो गोळा करणे, चाळणे, पोत्यात भरणे ही कामे वाढतील. ती कोण करणार? रोजंदारीवरचा मजूर, तोंडाला रुमाल बांधून. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि कामाचे तास व कामगारांची सुरक्षितता हे विषय त्यांनी कायद्याच्या चौकटीत आणले. धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि नियमित तपासणी हा त्याच वारशातला हक्क आहे.

तिसरा प्रश्न मालकीचा, आणि त्यावर सर्वात कमी बोलले जाते. भुसा आज वाया जात नाही. गरिबाघरची भुशाची शेगडी त्यावर पेटते, वीटभट्टी चालते, त्याचा पांढरा कोळसाही होतो. कारखाना खरेदीला उतरला की भाव चढेल आणि शेगडी विझेल. हे आपण बांबूच्या बाबतीत पाहिले आहे. कर्नाटकात कागद गिरण्यांना जंगलातला बांबू नाममात्र दराने मिळत होता, तेव्हा टोपल्या विणणाऱ्यांना तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागत होता. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू बल्लारपूरच्या गिरणीकडे जात राहिला, आणि बुरूड कारागीर व गावकरी आपल्या हक्कासाठी झगडत राहिले. अखेर 2011 मध्ये मेंढा-लेखा ग्रामसभेने स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने हाती घेतले. ते वनहक्क कायद्याच्या आणि संघटित मागणीच्या बळावर घडले.

म्हणून भूमिका स्पष्ट हवी. मोठ्या गिरणीने स्वच्छ ढलप्या घ्याव्यात, पण काळ्या पाण्याच्या पुनर्प्राप्तीची यंत्रणा आणि क्लोरीनमुक्त विरंजन असेल तरच. नुसत्या भुशाचे तंतू आखूड असतात, त्यांचा मजबूत कागद होत नाही. वस्तीतल्या सहकारी संस्थेने रसायनात शिजवण्याच्या फंदात पडू नये. भुसा दळून, रद्दी कागदाच्या लगद्यात मिसळून, न विरंजता पुठ्ठा करावा. आणि खरेदीचा करार करताना घरगुती जळणाचा वाटा आधी बाजूला काढावा.

तुमच्या तालुक्यात असा प्रकल्प आला तर जनसुनावणीला रिकाम्या हाताने जाऊ नका. पाणी कुठे सोडणार, धुळीची यंत्रणा कोणती, भुसा कोणाकडून आणि काय भावाने घेणार, हे तीन प्रश्न लेखी द्या आणि लेखी उत्तर घेऊनच परत या.