फोटो भरपूर, नावे अपुरी

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी काही दिवसांत गुलाबी झाले. त्याचे फोटो जगभर पोहोचायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो कारण शोधायला. वन विभागाने पाण्याचे नमुने नागपूरच्या 'नीरी'कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या 'हॅलोआर्किया' या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे पाण्याला तो रंग आल्याचे आघारकर संस्थेच्या तपासणीतून स्पष्ट झाले.

लोणारसाठी प्रयोगशाळा कामाला लागल्या. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या माळावरचा कोळी, शेताच्या बांधावरचे गवत किंवा पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारे पतंग यांचे फोटो कोण ओळखणार? मोबाइल हातात आल्यापासून असे फोटो काढणारे खूप झाले. ते 'आयनॅचरलिस्ट'सारख्या नागरिक-विज्ञानाच्या व्यासपीठांवर चढवलेही जातात. मात्र त्यांतले अनेक 'ओळख हवी' या रांगेत पडून राहतात. ही रांग उपसण्याचे काम जगभरातले स्वयंसेवक विनामोबदला करत आहेत. नोंदी वाढण्याचा वेग आणि त्या ओळखणाऱ्या हातांची संख्या यांचा मेळ बसत नाही, हा या चळवळीपुढचा आजचा खरा प्रश्न आहे.

आयनॅचरलिस्टची सुरुवात २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून झाली. आता तेथील नोंदींनी २० कोटींचा टप्पा मागे टाकला आहे. पद्धत साधी आहे. फोटो किंवा आवाज, तारीख आणि ठिकाण दिले की नोंद तयार होते. मग इतर लोक नाव सुचवतात. किमान दोघांचे मत जुळले आणि मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जण एका प्रजातीवर सहमत झाले, की ती नोंद 'संशोधन-दर्जा'ची ठरते. अशा नोंदी पुढे 'जीबीआयएफ' या जागतिक जैवविविधता माहितीसाठ्यात जातात आणि अभ्यासकांच्या हाती पडतात. ज्या फोटोचे नाव ठरले नाही, तो या वाटेवर पुढे सरकत नाही.

रांग सगळ्यांसाठी सारखी नसते. मोर, नीलगाय किंवा ठळक रंगांचे फुलपाखरू असेल तर ओळख लवकर पटते. कोळी, नाकतोडे, पतंग, गवते, बुरशी यांचे तसे नाही. यांतल्या कित्येक जाती पाठीवरून घेतलेल्या एका फोटोत वेगळ्या करताच येत नाहीत. विदर्भात ज्याला तरोटा म्हणतात आणि इतरत्र टाकळा, त्या ओळखीच्या रानभाजीचेच उदाहरण घ्या. तिची एक जवळची बहीण इतकी सारखी दिसते, की खात्री करायला शेंगेचा देठ आणि पर्णिकांमधल्या ग्रंथी पाहाव्या लागतात. फोटोत नुसते पिवळे फूल असेल, तर तज्ज्ञही 'दोहोंपैकी एक' एवढेच म्हणेल.

संगणक हे काम करील, अशी अनेकांची समजूत आहे. आयनॅचरलिस्टवर २०१७ पासून फोटो पाहून नाव सुचवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आहे आणि तिची मदतही होते. पण ती शिकते माणसांनी आधी ओळखलेल्या फोटोंवरून. ज्या प्रजातीचे पुरेसे ओळखलेले फोटो नाहीत, ती प्रजाती यंत्राला ठाऊकच नसते. अशा वेळी ते तिच्यासारखी दिसणारी दुसरी, कधी भलत्याच खंडातली जात पुढे करू शकते. म्हणजे जिथे ओळखणारे कमी, तिथे यंत्रही कच्चे. ते कच्चे म्हणून चुकीची नावे वाढतात, आणि ती निस्तरण्यात मोजक्या जाणकारांचा वेळ जातो. हे चक्र माणसालाच तोडावे लागते.

ते तोडायला प्रत्येकाने तज्ज्ञ असण्याची गरज नाही. टपाल कार्यालयात पत्रे आधी जिल्ह्यानुसार वेगळी होतात, मग गावानुसार. इथेही पहिली वाटणी कोणीही करू शकतो. काहीच नाव नसलेल्या फोटोवर 'कोळी', 'पतंग' किंवा 'गवत' एवढी चिठ्ठी लावली, तरी तो त्या गटाच्या जाणकाराच्या नजरेस पडतो. अनुभवी स्वयंसेवक पुढची पायरी चढतात: एकच गट आणि एकच प्रदेश निवडायचा, त्यातल्या जुन्या नोंदी क्रमाने पाहायच्या, सारख्या दिसणाऱ्या जातींतले फरक पक्के करायचे. धोका असतो तो 'मम' म्हणण्याचा. पहिल्याने सुचवलेल्या नावाला दुसऱ्याने न पाहता होकार दिला, तर चुकीच्या नावावरही संशोधन-दर्जाचा शिक्का बसतो. नाव नसलेली नोंद थांबून राहते, चुकीच्या नावाची नोंद मात्र दिशाभूल करत फिरते.

आरोग्याच्या बाबतीत हा फरक जिवावर बेतू शकतो. विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्यात भल्याभल्यांची गफलत होते. मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्याकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक असतात, कवड्याचे साधारण उलट. शिवाय मण्यारीच्या पाठीच्या मध्यावर मोठ्या षट्कोनी खवल्यांची ओळ असते. योग्य नावांनिशी जमलेल्या नोंदी कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात कोणता साप दिसतो हे सांगू शकतात. सर्पदंश झाल्यावर मात्र ॲपवर उत्तराची वाट पाहू नये आणि फोटोसाठी सापाच्या मागेही लागू नये. थेट रुग्णालय गाठावे. भारतात वापरली जाणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकत्रित काम करते.

ओळखलेल्या नोंदींची ताकद पक्ष्यांच्या बाबतीत दिसली आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३ चा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी 'ई-बर्ड'वर केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ प्रजातींचा आढावा घेतला गेला आणि १७८ प्रजातींना संवर्धनात वरचा प्राधान्यक्रम मिळाला. गवताळ माळांसारख्या मोकळ्या अधिवासातले पक्षी घटत असल्याचा इशाराही त्यातूनच पुढे आला. ई-बर्डवर वेगळ्या वाटणाऱ्या नोंदी स्वयंसेवक परीक्षक तपासतात. त्या चाळणीमुळेच आकडे विश्वासार्ह ठरतात.

बुलढाण्याला याची गरज अधिक आहे. जिल्ह्यात ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्ये आहेत, आणि लोणारला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून ज्ञानगंगेत आला. हे कळले, कारण त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. बाकी जिवांच्या गळ्यात काही नसते. त्यांचे अस्तित्व नोंदीवरूनच कळते. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून गेला आहे. पुढेही रस्ते, खाणी, सौरप्रकल्प येतील. तेव्हा जागा 'पडीक' आहे की जिवंत, हे कागदावरच्या नावांवरून ठरेल. नकाशावर नोंद नसणे म्हणजे तिथे जीव नसणे, असा अर्थ काढला गेला तर नुकसान भरून येणारे नाही.

यावर एक उपाय हाताशी आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक स्वराज्य संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समित्या नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची आहे. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी रुजवलेली ही कल्पना गावच्या ज्ञानाला मान देणारी आहे. या नोंदवह्यांत बोलीतली नावे असतात, पण ती नेमक्या कोणत्या प्रजातीची, हे पडताळायला फोटो क्वचितच असतो. आयनॅचरलिस्टवर फोटो असतो, नाव नसते. गुराखी, वैदू, शेतकरी आणि सर्पमित्रांकडचे नाव, मोबाइलमधला फोटो आणि महाविद्यालयाच्या वनस्पती-प्राणिशास्त्र विभागातले शास्त्रीय ज्ञान एकत्र आले, तर दोन्ही अर्धवट कामे पुरी होतील. या व्यासपीठावर प्रजातींची मराठी नावे जोडण्याचीही सोय आहे.

अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी दर सत्रात आपल्या तालुक्यातल्या एका गटाच्या पडून राहिलेल्या नोंदी तपासण्याचे काम विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दिले, तर त्यासाठी वेगळा निधीही लागणार नाही. नव्या फोटोंत शेंग, देठ, पानाची मागची बाजू, किड्याचा चेहरा आणि पाय आले पाहिजेत. सुरुवात पावसाळ्यात करावी. तरोटा तेव्हा बांधाबांधावर उगवलेला असतो आणि दिव्याखाली पतंगांची गर्दी असते.