वारीस मुलांना न्यावें काय ?

ज्येष्ठाचा वद्य पक्ष लागला कीं महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत एक वाद हटकून निघतो. देहू-आळंदीहून पालख्यांचें प्रस्थान झालेलें असतें, वर्तमानपत्रांत मुक्कामांचे तक्ते येऊं लागतात, आणि घरांतील कोणी तरी हळूच म्हणतें, "यंदां मुलांना एक दिवस तरी वारीला न्यावें." लगेच दुसरें कोणी विचारतें, "एवढ्याशा मुलांना त्यांत काय कळणार ?" दोन्ही बोलण्यांत तथ्य असतें, म्हणूनच वाद मिटत नाहीं. या महिन्यांत त्याचाच थोडा विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

आमचें काष्टी गांव श्रीगोंदें तालुक्यांत, दौंड-मनमाड लोहमार्गावर वसलें आहे. शनिवारच्या गुरांच्या बाजारासाठीं त्याचें नांव दूरवर ठाऊक आहे, पण पालखी कांहीं आमच्या वेशीवरून जात नाहीं. तुकोबांच्या पालखीचा वरवंडचा मुक्काम भीमेपलीकडे, दौंड तालुक्यांत पडतो, तो आम्हांस जवळचा. तेथून पालखी पाटसवरून रोटीचा घाट चढून उंडवडी गवळ्याची येथें जाते. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनीं १६८५ मध्यें हा सोहळा सुरू केला. संतांचीं नांवें आमच्याकडील मुलांना अपरिचित नसतात. श्रीगोंद्यासच 'योगसंग्राम' ग्रंथाचे कर्ते शेख महंमद होऊन गेले. ते जन्मानें मुसलमान, पण त्यांची गणना वारकऱ्यांच्या संतांत होते. तेव्हां कानांवर सर्व पडलेलें असतें, प्रश्न उरतो तो पायांनीं जाण्याचा.

प्रथम वयाचा विचार करूं. गृह्यसूत्रकारांनीं ब्राह्मणाच्या मुलाच्या उपनयनास आठवें वर्ष सांगितलें आहे. म्हणजे या वयापासून मूल कांहीं नेम पाळूं शकतें, आणि त्यास बरें-वाईट विचारतां येतें, असा त्यांचा अनुभव असला पाहिजे. गंमत अशी कीं, सातासमुद्रांपलीकडील एका निराळ्याच पंथानें हाच आंकडा धरला आहे. अमेरिकेंत १८३० मध्यें स्थापन झालेला मॉर्मन नांवाचा ख्रिस्ती परंपरेंतील एक पंथ आहे. उटा संस्थानांतील सॉल्ट लेक सिटी येथें दर वर्षीं एप्रिल व ऑक्टोबर महिन्यांत त्यांची मोठी धर्मपरिषद भरते. त्यासाठीं २००० सालीं उघडलेल्या सभागृहांत सुमारें एकवीस हजार माणसें बसतात. त्या पंथांत मुलांचा बाप्तिस्मा आठव्या वर्षाआधीं करीत नाहींत, कारण तोंवर मूल आपल्या कर्मास जबाबदार नाहीं असें ते मानतात. परिषदेच्या सभागृहांतहि आठ वर्षांखालील मुलांस प्रवेश नसतो. धाकटीं मुलें घरीं दूरचित्रवाणीपुढें बसतात, आणि दोन दोन तासांचीं प्रवचनें त्यांनीं शांतपणें ऐकावीं म्हणून आयांना त्यांच्या हातीं चित्रें व रंग द्यावे लागतात. मुलांची चुळबूळ सर्व धर्मांत सारखीच, हें वाचून आम्हांस बरें वाटलें.

परंतु त्यांच्या परिषदेंत आणि आपल्या वारींत एक अंतर आहे. तेथें मुख्य काम बसून ऐकण्याचें, येथें मुख्य काम चालण्याचें. बसून ऐकणें हें प्रौढांचें सामर्थ्य आहे, मुलांचें नव्हे. या दृष्टीनें पाहतां वारी मुलांस अधिक मानवणारी. पण ती मानवावी अशा रीतीनें न्यावयास पाहिजे. ती रीत कोणती, हें आमच्या शेजारच्या घरांत नुकतेंच पाहावयास मिळालें.

त्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात. धाकट्या सूनबाईंनीं आपला नऊ वर्षांचा मुलगा व सात वर्षांची मुलगी यांस वरवंडाहून उंडवडीपर्यंत चालवीत नेण्याचें ठरविलें. घरांतील आजोबा पंचाऐंशीच्या घरांतले. त्यांनीं तीन हरकती घेतल्या : शाळा बुडेल, गर्दी फार असते, आणि मुलें आजारी पडतील. तिसरी हरकत अगदींच निराधार नव्हती. एके काळीं यात्रेहून परतणाऱ्या माणसांबरोबर पटकीची सांथ गांवोगांव पसरत असे, आणि त्या गोष्टी आजोबांनीं लहानपणीं ऐकलेल्या होत्या. सूनबाईंनीं वाद घातला नाहीं. घरचें उकळलेलें पाणी बरोबर घेतलें. मुलांच्या खिशांत नांव, गांव व मोबाइलचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टांचणीनें अडकवून दिली. दिंड्यांना रथापुढील व रथामागील असे क्रमांक असतात. आपण चालणार त्या दिंडीचा क्रमांक मुलांकडून पाढ्यासारखा पाठ करून घेतला. शाळेविषयीं आमचें मत विचारण्यांत आलें, तेव्हां आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, आम्हीं जन्मभर हजेरी घेतली, पण हजेरी लागलेलें प्रत्येक मूल त्या दिवशीं शाळेंत होतेंच असें शपथेवर सांगवणार नाहीं.

आणखी एक शहाणपणाची गोष्ट त्यांनीं केली. दोघांनाहि काम दिलें. मुलाकडे राजगिऱ्याच्या लाडवांची पिशवी, मुलीकडे पेला आणि पाण्याची लहानशी कळशी. वाटेंत जो मागेल त्यास द्यावयाचें. ज्याच्या हातीं काम आहे तें मूल "अजून किती राहिलें ?" असें विचारीत नाहीं असें नव्हे, पण थोडें कमी विचारतें. तरी पाटसाजवळ मुलगा बसलाच. "मला कंटाळा आला," म्हणाला. आई म्हणाली, "बरें, बस." रागावणें नाहीं, पुण्याचें आमिष नाहीं. दोन दिंड्या पुढें निघून गेल्या. तिसरीचे टाळ ऐकूं येतांच मुलगा आपण होऊन उठला.

रोटीच्या घाटांत एक म्हातारे वारकरी लाडू घेऊन वांकले आणि त्यांनीं त्या मुलाच्या पायांस हात लावून नमस्कार केला. मुलगा गोंधळून मागें सरला. "आई, ते एवढे मोठे, मग माझ्या पायां कां पडले ?" वारींत वय पाहत नाहींत, जात पाहत नाहींत, जो समोर येईल तो माउली, असें आईनें त्यास समजाविलें. रात्रीं उंडवडीस कीर्तन सुरू झालें तेव्हां मुलगी पाव घटकेंत आईच्या मांडीवर निजली. तिला कोणी उठविलें नाहीं. कीर्तनांत झोपीं जाण्याचाहि एक संस्कार असतो असें आमचें मत आहे.

दर्शनासाठीं मात्र सूनबाईंनीं एकादशीची गर्दी टाळली. आषाढी पौर्णिमेचा गोपाळकाला होऊन यात्रा पांगल्यावर, पुढच्या आठवड्यांत, त्या मुलांना घेऊन दौंडावरून कुर्डूवाडीस व तेथून आगगाडीनेंच पंढरपुरास गेल्या. महाद्वारीं नामदेवाची पायरी आहे. तिच्यासमोरच चोखोबांची समाधि. मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चाललें असतां भिंत कोसळून चोखोबा गेले आणि नामदेवांनीं त्यांच्या अस्थि येथें आणिल्या, ही कथा मुलास ठाऊक होती. त्यानें विचारलें, "वारींत सगळे एकमेकांच्या पायां पडतात. मग चोखोबा बाहेर कां ?"

आईनें उत्तर दिलें, "घरीं गेल्यावर आजोबांना विचारूं." हें टाळणें होतें कीं विचारपूर्वक केलेलें होतें, हें आम्हीं त्यांस विचारलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्यांच्या ओसरीवर आम्ही बसलों असतां मुलानें प्रश्न काढला. चुलते म्हणाले, "ती संतांची नम्रता बाळ. नामदेवसुद्धां पायरीशींच आहेत." मुलगा म्हणाला, "पण नामदेवांना आंत जातां येत होतें. चोखोबांना येत होतें काय ?"

कोणी कांहीं बोललें नाहीं. मग आजोबा म्हणाले, "नव्हतें येत. आपण येऊं देत नव्हतों."

त्यांनीं पुढें सर्व सांगितलें. ज्यांस अस्पृश्य ठरविलें त्या लोकांस विठोबाच्या देवळांत शेंकडों वर्षें प्रवेश नव्हता. साने गुरुजींनीं त्यासाठीं महाराष्ट्रभर दौरा केला, आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरास प्राणांतिक उपोषण मांडलें. १० मे रोजीं तें सुटलें, आणि त्याच वर्षीं तें दार सर्वांस खुलें झालें. आजोबा तेव्हां सहा-सात वर्षांचे होते. "माझे वडील त्याआधीं दर आषाढीस पंढरीला जात," ते म्हणाले, "त्या वर्षापासून गेले नाहींत. आम्हां मुलांना सांगितलें, गर्दी फार असते."

"आणि तुम्ही ?" मुलानें विचारलें.

"मीहि गेलों नाहीं. आधीं वडिलांकडे पाहून, मग संवयीनें."

शाळेंत आम्हीं भक्तिमार्गावर पुष्कळ निबंध लिहवून घेतले. पण इतका थोडक्यांत आणि इतका प्रामाणिक पाठ आमच्या वर्गांत कधीं झाल्याचें स्मरत नाहीं. आपल्याच घरच्या पूर्वजाविषयीं नातवापुढें असें बोलणें सोपें नव्हे. चुलते म्हणाले तेंच पुढें चालूं देतां आलें असतें. मूल गप्प बसलें असतें, आणि त्या म्हाताऱ्या वारकऱ्याचा नमस्कार हा केवळ दिखाऊ रिवाज आहे, एवढेंच मनाशीं शिकलें असतें. आपल्या वर्गांतील बहुतेक घरांत अशी एखादी न सांगितलेली गोष्ट असते. पंढरींतहि काळ थांबलेला नाहीं. १९७३ च्या कायद्यानें बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क गेले, २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत त्यावर शेवटचें शिक्कामोर्तब झालें, आणि त्यानंतर ब्राह्मणेतर पुजारी व स्त्रियाहि पूजेस नेमल्या गेल्या. मुलांस हें शाळेंत किंवा बाहेर कळणारच. तें घरच्या वडील माणसाच्या तोंडून कळलें तर त्यांचा धर्मावरचाहि विश्वास टिकतो आणि वडिलांवरचाहि.

तेव्हां आरंभीच्या वादावर आमचें मत असें : मुलांस अवश्य न्यावें. एकच दिवस न्यावें, हातीं काम द्यावें, कंटाळतील तेथें बसूं द्यावें, झोपतील तेथें झोपूं द्यावें, आणि एकादशीची गर्दी त्यांच्यासाठीं टाळावी. आठाच्या आंतील मूल मांडीवर शोभतें. त्यापुढील मूल प्रश्न विचारणार हें धरून चालावें. 'मुलें लहान आहेत' असें म्हणणाऱ्यांनीं एकदां स्वतःस विचारून पाहावें, कीं आपणांस भय त्यांच्या थकण्याचें आहे कीं त्यांच्या विचारण्याचें.

ज्यांची आषाढी हुकली असेल त्यांनीं निराश होऊं नये. कार्तिकी एकादशी बहुधा दिवाळीच्या सुटींत किंवा तिला लागूनच येते, आणि तेव्हां पावसाचीहि सबब फारशी सांगतां येत नाहीं. शेजारच्या घरांत तिचे बेत सुरू झाले आहेत. जावें कीं न जावें हा वाद या खेपेस कानीं आला नाहीं. आगगाडीचीं तिकिटें तीन काढावीं कीं चार, एवढेंच ठरावयाचें आहे.